हरकत असेल तर आत्ताच सांगा
मी सराव म्हणून रिकाम्या बाकांना उपदेश करत होते. "प्रभू झोपलेल्यांना जागं करतो!" म्हणत मी हात उंचावला, आणि तिसऱ्या बाकावरून एक माणूस उठून बसला.

मी किंचाळलेच! भर दुपारी, ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या आमच्या सेमिनरीच्या चॅपलमध्ये...

"सॉरी," तो डोळे चोळत म्हणाला. "काल रात्रभर इस्पितळात रुग्णांसाठी प्रार्थनेची पाळी होती. उपदेश छान आहे हो. फक्त... लांब आहे."

"तुम्ही तर झोपला होतात!"

"म्हणून तर सांगतोय. दोन झोपा झाल्या माझ्या."

आगाऊ कुठला! आमच्याच वर्गात नवा आलेला निघाला; मी त्याचं नाव झोपाळू ठेवलं. हळूहळू अहो-जाहोचं अरे-तुरे झालं. बायबलसाठी शिकायच्या हिब्रूची क्रियापदं म्हणताना तो मुद्दाम चुकायचा आणि मी सुधारेपर्यंत माझ्याकडे बघत राहायचा. मला मेलीला वाटायचं, बिचारा कच्चा आहे.

शेवटची परीक्षा लग्नविधीची होती. पास झाले तर महिन्याभरात पाळक म्हणून दीक्षा, नाहीतर सहा महिने थांबा. नवरा-नवरी खोटे, वर्गातलेच. सरांनी नवरी म्हणून माझी रूममेट उभी केली आणि नवरदेव म्हणून — झोपाळू!

रूममेटने डोक्यावर खिडकीचा पडदा घेतला होता. त्याने तिचा हात हातात घेतला. विधीत तसंच असतं, हे मला पाठ होतं, तरी माझी नजर त्या हातांवरून हटेना. अगं बाई, हे काय होतंय मला?

पुस्तक घट्ट धरून मी वाचलं, "या विवाहाला कोणाची हरकत असेल, तर त्याने आत्ताच सांगावं." इथे पाळकाने तीन श्वास गप्प राहायचं असतं. एक... दोन...

"माझी आहे."

कोण बोललं? सगळे माझ्याकडेच बघत होते. देवा, बोलले होते मीच!

सरांची पेन्सिल खाली पडली. "हरकतीचं... कारण सांगावं लागतं, पाळकबाई."

आता लाजून काय उपयोग? "माझं त्याच्यावर प्रेम आहे, सर."

"हुश्श!" रूममेटने पडदा काढला. "मला वाटलं, आता खरंच लग्न लागतंय की काय!"

झोपाळू आ वासून उभा होता. एवढं जागं मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

"सर," तो म्हणाला, "हरकत मला मान्य आहे."

"मला नाही," सर म्हणाले. "नापास!"

दीक्षा लांबली. आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच. सहा महिन्यांनी मी पुन्हा उभी राहिले, पण झोपाळू खोटा नवरदेव व्हायला काही केल्या तयार होईना. शेवटी सर स्वतःच रूममेटशेजारी उभे राहिले. मी तीनही श्वास गप्प राहिले आणि पास झाले.

बाहेर पायरीवर तो वाट बघत बसला होता.

"का नाही आलास?" मी विचारलं.

"नवरदेव आता एकदाच होणार," तो म्हणाला. "त्या दिवशी पुस्तक सर धरतील. तू फक्त माझ्या शेजारी उभी राहा... हरकत आहे?"

"मुळीच नाही!" मी पुन्हा किंचाळलेच.