अर्ध्या खिडकीचं घर

भिंतीतला तो खळगा अक्रोडाच्या अर्ध्या टरफलाएवढा होता.

गिलावा असा झिजत नाही. ओलीने तो फुगतो, पोपडे धरतो आणि गळून पडतो. हा खळगा मात्र गुळगुळीत होता. कडा गोल. तळाशी वीट दिसत होती आणि तीही घासून चकचकीत झाली होती. एकाच जागी, एकाच बेताच्या जोराने, वर्षानुवर्षं काहीतरी आपटत राहिलं तरच असं होतं.

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं गेली. यातलं काहीही रचलेलं नाही. कुणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही, पण जे घडलं ते याच क्रमाने घडलं.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार होता. फ्रान्समधल्या कोरेझच्या डोंगरात ला फाज नावाची वाडी आहे, तिथे. मृतांच्या सणाला थडग्यांवर ठेवलेल्या शेवंतीच्या कुंड्या अजून ताज्या होत्या.

मी आणि माझा नवरा रेमी जुनं घर शोधत होतो. चार वर्षं. दर शनिवारी.

रेमीला वाटायचं, एकदा दगडी भिंतींचं, मोठ्या चुलीचं घर मिळालं की आमच्यातलं सगळं आपोआप ताळ्यावर येईल. आणि मी प्रत्येक घराच्या भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावायचे आणि नको म्हणायचे.

"तुझं ते यंत्र कधी 'हो' म्हणतं का गं, सोलांज?" तो विचारायचा.

यंत्राचा दोष नव्हता. मला त्याच्याबरोबर कुठल्याच घरात राहायचं नव्हतं. भांडण नव्हतं, दुसरी बाई नव्हती. फक्त आमच्यात काही उरलं नव्हतं. ते सांगायचं मी आज, उद्या, पुढच्या शनिवारी असं ढकलत होते.

घर दाखवणाऱ्या बाईंचं नाव मादाम लाशो. उंच टाचांचे बूट घालून त्या चिखलातून सराईतपणे चालत होत्या.

"आता दचकू नका हं," त्या म्हणाल्या. "या घरात सगळं दोन-दोन आहे."

खरंच होतं. एकाच घराला शेजारी शेजारी दोन दारं. दोन टपालपेट्या. दोन धुराडी. आत स्वयंपाकघराच्या बरोबर मधून विटांची भिंत घातलेली. दगडी चूल पलीकडच्या बाजूला गेली, म्हणून अलीकडे लोखंडी शेगडी बसवलेली.

आणि खिडकी एकच होती. भिंत थेट तिच्या मधोमध आली होती. डावं तावदान या बाजूला, उजवं त्या बाजूला.

"दोन भावांची वाटणी का?" रेमीने विचारलं.

"नवरा-बायकोची," मादाम लाशो म्हणाल्या. "घटस्फोट घेतला तर शेत तुटलं असतं ना. मग भिंत घातली. स्वस्त पडलं."

रेमी मोठ्याने हसला. "बघ सोलांज, काय डोकं आहे! तुझी बाजू तुला, माझी मला."

मी हसले नाही.

ते दोघं विहीर आणि गोठा बघायला बाहेर गेले. मी बायकोच्या बाजूच्या स्वयंपाकघरात एकटीच थांबले. अंधारून येत होतं. यंत्र भिंतीला लावलं. भिंत कोरडी होती. अगदी कोरडी. या वेळी नाही म्हणायला कारण मिळणार नव्हतं...

तेव्हा मला तो खळगा दिसला.

मी वाकून बघत होते. आणि...

टक. टक.

भिंतीच्या पलीकडून. नेमकं खळग्याच्या मागून.

मला वाटलं, रेमी. चेष्टा करतोय.

खूप वर्षांत त्याने माझी चेष्टा केली नव्हती, टोमणेच मारले होते. का कोण जाणे, मला जरा बरं वाटलं. मी यंत्राच्या मुठीने दोनदा ठोकलं.

टक. टक.

पलीकडे शांतता.

मी सरळ झाले आणि सहज खिडकीच्या अर्ध्या तावदानातून बाहेर पाहिलं.

रेमी विहिरीपाशी उभा होता. पाठमोरा. शेजारी मादाम लाशो.

पलीकडच्या दाराची किल्ली त्यांच्या बोटात लटकत होती.

मी घाबरले नाही. आधी कारणं शोधली. वीट थंड होताना आवाज येतो. लाकडात किडे असतात, तेही ठोकल्यासारखा आवाज करतात. पाइपात हवा अडकते. पण भिंतीत लाकूड नव्हतं, पाइप नव्हता. आणि वीट थंड होताना समोरच्याने उत्तर द्यायची वाट बघत नाही.

थोड्या वेळाने मादाम लाशोंनी पलीकडचं दार उघडलं. कुलूप गंजलेलं, दोन्ही हात लावून फिरवावं लागलं. आत कुणी नव्हतं. जमिनीवर धुळीचा जाड थर होता आणि त्यावर पावलाचा एकही ठसा नव्हता.

या बाजूलाही तसाच खळगा होता.

आणि त्याच्या बरोबर खाली, त्या काळपट धुळीवर... चिमूटभर गिलाव्याची भुकटी पडली होती.

पांढरी. ताजी.

मी तिला बोट लावलं आणि बोट कोटाला पुसलं.

परत निघताना फाटकाशी एक म्हातारी भेटली. पायात रबरी बूट, हातात सशांसाठी तोडलेला पाला. नाव नोएमी. समोरच्याच घरात जन्म गेलेला.

"मार्सियालचं घर बघायला आलात?" तिने विचारलं. "घ्या, घ्या. माझ्या सशांना तरी शेजार मिळेल."

रेमीला अशा गोष्टींची भारी हौस. "आजी, झालं काय होतं हो दोघांत?"

"अक्रोडाचं झाड," नोएमी म्हणाली. "अँजेलच्या माहेरचं. तिच्या आजोबाने लावलेलं. एक दिवस ती बाजारला गेली आणि मार्सियालने तोडून लाकूडवाल्याला देऊन टाकलं. ती आली, खुंट पाहिला आणि आत गेली. त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मरेपर्यंत."

"एकही नाही?"

"एक नाही. फक्त संध्याकाळी, सूपच्या वेळी, ओगराळ्याच्या दांड्याने भिंतीवर दोनदा ठोकायची. मग तो पलीकडून दोनदा ठोकायचा. आम्हाला रस्त्यापर्यंत ऐकू यायचं."

"म्हणजे प्रेम होतं तर!" मादाम लाशो म्हणाल्या. घर विकायचं होतं त्यांना.

"प्रेम कसलं, बाई?" नोएमी फस्सकन हसली. "मेला की नाही ते बघायचं. एवढंच."

मग ती हसायची थांबली.

"अँजेल गेली ती थंडीत. टपालवाल्याला पेटी भरलेली दिसली, म्हणून त्याने दार तोडायला लावलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन कित्येक आठवडे झालेत. पोलिसांनी मार्सियालला विचारलं, 'अहो, भिंतीपलीकडे बायको मरून पडली आणि तुम्हाला पत्ता नाही?' तर तो म्हणाला..."

तिने पाला दुसऱ्या हातात घेतला.

"तो म्हणाला, 'काल संध्याकाळी तर ठोकलं तिने. रोज ठोकते. मी रोज उत्तर देतो.'"



"लोक म्हणाले, लाजेने खोटं बोलतोय. मीही तेच म्हणाले. पण नंतरही तो उत्तर देतच राहिला हो. वृद्धाश्रमात नेलं, तिथेही. पलंग भिंतीपासून दूर ओढला तर रडायचा. तिथेच गेला." तिने माझ्याकडे पाहिलं. "पोरी, आत तू काही ऐकलंस?"

"नाही," मी म्हणाले.

"उत्तर दिलंस?"

मी तिला काहीच ऐकलं नाही असं आत्ताच सांगितलं होतं.

"नाही," मी पुन्हा म्हणाले.

"बरं केलंस," ती म्हणाली आणि सशांकडे निघून गेली.

आम्ही तेव्हा ब्रीव्ह शहरात भाड्याच्या घरात राहत होतो. रेमी घोरतो म्हणून आमच्या खोल्या वेगळ्या. मध्ये एक भिंत. संध्याकाळी आपापल्या खोलीत बसायचं, सूप गरम झालं की स्वयंपाकघरात यायचं, असा आमचा संसार.

सोमवारी संध्याकाळी मी खोलीत पुस्तक वाचत होते. आणि...

टक. टक.

आमच्या मधल्या भिंतीतून.

मी पुस्तक खाली ठेवलं. मग लक्षात आलं, पलीकडे रेमी आहे. नोएमीची गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नसणार. मी बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकलं आणि सूप वाढायला उठले.

तोही आला.  पाव कापताना त्याने पहिला तुकडा मला दिला.

मंगळवारी पुन्हा. बुधवारीही.

मग रोजच.

मला सांगायला संकोच वाटतो, पण ते दिवस चांगले गेले. दिवसभर आम्ही एकमेकांना टाळायचो. आणि संध्याकाळी भिंतीतून ते दोन ठोके यायचे, तेव्हा वाटायचं, अजून आहे काहीतरी. मी त्याची वाट बघू लागले. वेगळं होण्याबद्दल बोलायचं मी पुन्हा पुढे ढकललं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी रेमी एकटाच त्यूलला गेला. मादाम लाशोंचं ऑफिस तिथे होतं. ला फाजचं घर घ्यायचं त्याने ठरवलं होतं. मी 'बघू' म्हणाले होते.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी माझ्या खोलीत पलंगावर बसले होते.

"सोलांज, करार तयार आहे. मी सही केली. आता फक्त तुझी राहिली. नाही म्हणू नकोस हं, तुझं यंत्र पण या वेळी..."

टक. टक.

भिंतीतून.

त्याच्या खोलीतून.

"रेमी," मी म्हणाले, "तू कुठे आहेस?"

"अगं त्यूलमध्ये. सांगून तर आलो. मागे गाड्यांचा आवाज ऐकू येत नाही का?"

येत होता.

"मग रोज संध्याकाळी तू भिंतीवर ठोकतोस ना?"

"मी?" तो हसला. "वेडी आहेस का? तू ठोकतेस. मी नुसतं उत्तर देतो."



"मी पण नुसतं उत्तरच देते, रेमी."

 आम्ही दोघं एकाच वेळी ठोकत होतो. म्हणून दुसऱ्याचं ठोकणं कुणालाच ऐकू आलं नव्हतं. इतके आठवडे दोघं मिळून एका तिसऱ्यालाच उत्तर देत होतो.

टक. टक.

या वेळी जरा जोरात. उत्तर न मिळाल्यासारखं.

"सोलांज..." फोनमधून रेमीचा आवाज एकदम बारीक आला. "घरात कोण आहे?"

मी त्याच्या खोलीत जाऊन पाहिलं. पलंग नीट आवरलेला. खिडकी बंद. भिंतीला हात लावला. कोरडी, गार, साधी भिंत.

यानंतरचं सांगण्याआधी एक सांगते. त्या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. मी दोनदा घर बदललं. आता राहते त्या घराच्या चारही बाजू मोकळ्या आहेत, कुठल्याच भिंतीला पलीकडे शेजार नाही. तरी संध्याकाळी सूप गरम करताना मी रेडिओ लावते. मोठ्याने. आवाज येतो की नाही, ते मला ठाऊक नाही. ते तपासायचं धैर्य मला झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही दोघं मुद्दाम स्वयंपाकघरात बसलो. समोरासमोर. चारही हात टेबलावर उघडे ठेवून. मध्ये कराराचा कागद. सूप निवत होतं.

"किडे असतील," रेमी म्हणाला.

"असतील."

"पाइप असेल."

"असेल."

बाहेर अंधार पडला. आम्ही एकमेकांच्या हातांकडे बघत होतो. आणि...

टक. टक.

आमच्या दोन रिकाम्या खोल्यांच्या मधून.

रेमीचा उजवा हात उचलला गेला. सवयीने. मूठ वळली आणि टेबलावर येऊ लागली.

"नको," मी म्हणाले.

"उत्तर नाही दिलं तर पुन्हा जोरात ठोकेल गं." तो हसायचा प्रयत्न करत होता. ओठ पांढरे पडले होते. "आणि खरं सांगू? मला त्याची एवढी भीती वाटत नाही. गेले काही आठवडे किती बरं चाललं होतं आपलं. नाही का? सही कर. घर घेऊ. मधली भिंतही राहू दे. रोज संध्याकाळी एवढंच झालं तरी... आपल्याला पुरे आहे की."

तेव्हा मला खरी भीती वाटली. भिंतीतल्या आवाजाची नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, याची. आम्हाला ते पुरलं असतं. तीस वर्षं पुरलं असतं. एक दिवस माझी टपालपेटी भरून वाहिली असती आणि रेमीने पोलिसांना सांगितलं असतं, काल तर ठोकलं तिने.

टक! टक!

मी कागद त्याच्याकडे सरकवला.

"रेमी," मी म्हणाले, "मला तुझ्याबरोबर राहायचं नाही. त्या घरात नाही, या घरात नाही, कुठल्याच घरात नाही. मी जातेय."