सातव्या प्रश्नानंतरचे पंधरा सेकंद

मामाच्या गादीच्या दुकानामागच्या खोलीत त्या दुपारी अडतीस गाद्या होत्या. सव्वीस उभ्या, भिंतीला टेकून. बारा आडव्या, एकावर एक. शिवाय एक स्टूल, एक मायक्रोफोन, एक लॅपटॉप, दहा प्रश्नांचे दहा कागद आणि मी. एवढं मोजून सांगते, कारण खोलीत आणखी एक माणूस होता आणि तो माझ्या मोजणीत नव्हता.

"प्रश्न सातवा," मी मायक्रोफोनमध्ये म्हणाले. "जिराफाच्या मानेत मणके किती?"

"सात," उभ्या गाद्यांमागून आवाज आला.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. सहा प्रश्न न अडखळता, एका दमात झाले होते. त्या आठवड्याचा विषय 'मान' होता आणि तो माझा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला भाग होणार होता.

तो बाहेर आला. काखेत पातळ फोमची गुंडाळी, केसांत कापूस. "माफ करा. मामांनी मला मागे जाऊन फोम निवडायला सांगितलं. तेवढ्यात तुम्ही बोलायला लागलात, मग हलता येईना. सहा प्रश्न श्वास धरून उभा होतो."

"मग सातव्याला काय झालं?"

"सातव्याचं उत्तर येत होतं."

"आणि मामा कोणाचे? ते माझे मामा आहेत."

"दुकानाच्या पाटीवर 'मामा गादीवाले' लिहिलंय. मला वाटलं, सगळ्यांचेच."

मी दाराकडे बोट दाखवलं. तो निघाला, आणि दारात थांबला. "एक विचारू? दोन प्रश्नांच्या मध्ये ते टकटक काय वाजतं?"

"ऐकणाऱ्यांना विचार करायला पंधरा सेकंद देते मी. घड्याळ आहे ते."

"अच्छा. मला वाटलं, कोणीतरी दार वाजवतंय आणि तुम्ही मुद्दाम उघडत नाही आहात."

त्या दिवशीचा राग संध्याकाळी सातपर्यंत टिकला. मला वाटलं, हा माझा उच्चांक असेल. नव्हता.

*

दिवसा मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि रविवारी माझा प्रश्नमंजुषेचा पॉडकास्ट रेकॉर्ड करते. एका भागाला एक विषय, दहा प्रश्न. ऐकणारे आपले गुण एका फॉर्ममध्ये भरून पाठवतात. गाद्यांच्या खोलीत आवाज घुमत नाही, म्हणून जागा मामाची. घरात सगळे मला मोजपट्टी म्हणतात.

"मोजपट्टी," पुढच्या रविवारी मामा म्हणाला, "तो फोमवाला अकॉर्डियन दुरुस्त करतो. वाजवतोही. त्या टकटकीऐवजी त्याला वाजवू दे. तुझं ते घड्याळ ऐकून माझं पित्त खवळतं."

फोम त्याला पेट्यांच्या आत लावायला लागायचा. त्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. मी हो म्हणाले, कारण गेल्या दोन भागांवर टकटकीबद्दल एकोणीस तक्रारी आल्या होत्या. एकोणीस हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

ठरलं ते असं. मी प्रश्न रेकॉर्ड करून फाइल पाठवायची. तो माझा आवाज कानात लावून मधल्या जागांमध्ये वाजवायचा — एका दमात, कापाकापी न करता — आणि भाग लोकांसाठी टाकायचा. तयार झालेला भाग मी ऐकत नसे. संगीत हा माझा प्रांत नाही, एवढंच मी त्याला सांगितलं होतं, आणि तेही खोकल्यासारखं, तोंडावर हात ठेवून. शेवटी आभार मानावे लागायचे, म्हणून मी दर भागात म्हणायचे, "संगीत त्यांचं... ज्यांना सगळंच कळतं."

तो दर रविवारी यायचा. रेकॉर्डिंग ऐकायला नाही, फोम घ्यायला.

"एका माणसाला एवढा फोम कशाला लागतो?" मी विचारलं.

"अकॉर्डियन नाजूक असतात."

"सहा आठवड्यांत सहा पेट्या?"

"तू मोजतेस?"

"मी सगळंच मोजते."

"मग मी कितीदा आलो, हेही माहीत असेल."

"सहा."

"सात," तो म्हणाला. "पहिल्यांदाचं धरलं नाहीस."

मामा गल्ल्यावरून ओरडला, "मला तर वाटतं, हा फोम खातो."

तुम्हीचं तू कधी झालं, ते मी नोंदवलेलं नाही. नोंद राहून जाण्याचा प्रकार माझ्याकडून सहसा होत नाही, आणि त्याचाही मला राग आला.

*

मग मी आलेख काढला.

तो यायच्या आधीच्या आठ भागांत ऐकणाऱ्यांची सरासरी दहापैकी चार पूर्णांक सहा होती. त्यानंतर चार पूर्णांक नऊ. मग पाच आठ, सहा पाच, सात एक, सात सात. परवाच्या भागाला आठ पूर्णांक दोन. या काळात मी प्रश्न कठीण करत गेले होते. लोक एकाएकी हुशार होत नाहीत. प्रयोगशाळेत नमुना आणि अहवाल यांच्यामध्ये कोणी हात घातला, की आकडे असेच चढतात.

बुधवारी कामावरून सुटले ती थेट त्याच्या दुकानात गेले. तो एका अकॉर्डियनचा भाता उघडून घड्यांना गोंद लावत होता. मी आलेख त्याच्या समोर ठेवला.

"प्रश्न फुटतायत."

"कुठे?"

"भाग बाहेर पडायच्या आधी प्रश्न दोनच माणसांना माहीत असतात. एक मी. मी फोडले नाहीत."

"म्हणजे मी."

"वजाबाकी येते मला."

त्याने आलेख पाहिला, मग माझ्याकडे, आणि हसला. ते हसू मला अजून आठवतं, कारण त्या क्षणी त्याच्या हातातला गोंदाचा ब्रश घेऊन त्याच्याच नाकावर फिरवावा, असं मला वाटलं होतं.

"मस्करी करतेस ना? अगं, मी उत्तरं वाजवतो. इंद्रधनुष्याला सात सूर, एकेक चढत जाणारे. ऑक्टोपसच्या हृदयांना तीन ठोके. मधमाशीला नुसती गुणगुण. लोकांना तोच खेळ आवडतो. खाली काय काय लिहितात, वाचत नाहीस?"

"मी आकडे वाचते."

"पण ऐकतेस तर."

त्याने शेजारचं अकॉर्डियन उचललं आणि पंधरा सेकंद काहीतरी वाजवलं. मग थांबून तो माझ्याकडे बघत राहिला... जसं काही आता मी बोलणार.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"सातव्या प्रश्नानंतरचं. दर भागात तेच असतं, विषय कुठलाही असो." त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुझी चाल आहे ती."

मला ऐकू आलं होतं ते एवढंच — एक दार करकरलं, मग एका बसने ब्रेक लावला, मग पुन्हा दार.

"मला चाली ओळखता येत नाहीत," मी म्हणाले. "ठोके मोजता येतात. पण सूर चढला की उतरला, ही चाल की ती, काही कळत नाही. पहिलीत गाण्याच्या बाई म्हणाल्या, तू नुसते ओठ हलव. शाळा संपेपर्यंत मी ओठ हलवले. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. झालं समाधान?"

त्याने अकॉर्डियन खाली ठेवलं. "म्हणजे सहा आठवडे मी भिंतीशी बोलत होतो."

"आणि सहा आठवडे ऐकणारे तीनशे बारा लोक त्या भिंतीला हसत होते."

"हसत नव्हते. वाच ना."

त्याने फोन पुढे केला. *आज सातवी जरा उदास वाटली, भांडण झालं का?* त्याखाली, *सातवीला एकदा सांगून टाक रे, आमचा जीव टांगणीला लागलाय.* त्याखाली कोणीतरी नुसतंच, *सातवी.* आणि त्याला चौऱ्याऐंशी लोकांची पसंती.

"सगळ्यांना माहीत. मला सोडून."

"मला वाटलं, तुला कळतंय. दर वेळी शेवटी म्हणायचीस ना... ज्यांना सगळंच कळतं."

"तो टोमणा होता."

"मला तो..." तो थांबला. बोटाला लागलेला गोंद खरवडत राहिला. "मला तो होकार वाटला."

मी आलेख उचलून निघून आले. गोंद लागून त्याचा एक कोपरा टेबलावरच फाटून राहिला.

*

"जगासमोर माझा मामा केला त्याने," मी घरी म्हणाले.

"त्यात मला कशाला ओढतेस?" मामा म्हणाला.

"तुलाही माहीत होतं?"

"मी दर आठवड्याला ऐकतो. छान चाल आहे. शनिवारी एक बाई उशी घ्यायला आल्या, त्या गुणगुणत होत्या."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या कानावर वेगळं काय घालायचं? तू ऐकतच होतीस की. म्हणजे... आम्हाला तसं वाटलं."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. प्रयोगशाळेत माझ्या हातून एक नळी फुटली. राग कशाचा आहे, याची मी यादी केली. त्याने खेळ बिघडवला, हे पहिलं. मला सोडून सगळ्यांना सांगितलं, हे दुसरं. तिसरं लिहायला वेळ लागला. माझ्यासाठी कोणीतरी काहीतरी केलं होतं, आणि ते घ्यायला लागणारं यंत्रच माझ्याकडे नव्हतं. हा राग त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. तरी मी काढला.

रविवारी तो आला. पाठीवर अकॉर्डियन होतं आणि फोमचं नावही काढलं नाही त्याने.

"उत्तरं वाजवणं आजपासून बंद," मी म्हणाले. "निकाल काहीही लागो."

"बरं. कसला निकाल?"

"सातव्या चालीचा. तू म्हणतोस, ती माझी. मला ती दुसऱ्या चालीपासून वेगळी ओळखता येत नसेल, तर ती माझी नाही. ती त्या तीनशे बारा लोकांची आहे." मी त्याला एक नाणं दिलं. "दहा वेळा उडवायचं. छापा पडला की ती चाल, काटा पडला की दुसरी कुठलीही, तेवढ्याच लांबीची. मी तुझ्याकडे पाठ करून बसणार. मामा लिहून घेणार. नुसत्या अंदाजाने पाच बरोबर येतात. आठ किंवा जास्त आले, तर चाल राहील. कमी आले, तर तू फोम दुसऱ्या दुकानातून आणायचास."

"आणि यायचं नाही?"

"यायला काही कारण उरेल का?"

त्याने नाणं मुठीत घेतलं. मामाने बिलाच्या पुस्तकातलं एक पान फाडलं.

मी सव्वीस उभ्या गाद्यांकडे तोंड करून बसले. मागे नाणं वाजलं. मग करकर, ब्रेक, करकर. अंदाजाने म्हणाले, "ती." दुसऱ्यांदा म्हणाले, "दुसरी." मला काहीही कळत नव्हतं आणि आणखी आठ वेळा तसंच होणार होतं. मला ही चाचणी हरायची नव्हती. हे मला आत्ता, नियम सांगून झाल्यावर कळत होतं.

तिसऱ्यांदा नाणं पडलं. आणि मग... काहीच नाही. अगदी थोडा वेळ. खोलीत आवाज घुमत नाही, त्यामुळे शांतता असली की ती कोणाची आहे, ते ऐकू येतं. ही त्याची होती. माझ्या मागे एका माणसाने श्वास धरला होता, पहिल्या दिवशी गाद्यांमागे धरला होता तसा.

"ती," मी म्हणाले.

चौथ्यांदा नाणं पडलं, आणि लगेच वाजलं. "दुसरी."

पाचव्यांदा थांबला. "ती." सहाव्यांदाही थांबला. "ती." मामाने 'च्च' केलं. त्यानंतर मी डोळे मिटून घेतले आणि अकॉर्डियन ऐकणं सोडूनच दिलं. त्याच्या आधीचं तेवढं ऐकत राहिले. अट चाल कानाने ओळखायची नव्हती. अट ओळखायची होती.

"झालं," मामा म्हणाला. "सहावं चुकलं. बाकी नऊ बरोबर."

मी वळले. तो घामाघूम झाला होता.

"कशी ओळखलीस?"

"सहाव्याला काटा पडला होता ना? मग का थांबलास?"

"कुठे थांबलो?" त्याने आठवून पाहिलं. "तोपर्यंत एकही चुकलं नव्हतं तुझं. भीती वाटली. पण... तू काय ऐकत होतीस?"

मी लॅपटॉप उघडून आधीचे सहा भाग काढले, जे मी कधी ऐकले नव्हते. तो स्टुलाशेजारी गुडघ्यांवर बसला. त्याच्या हातावर अजून गोंद होता, आणि तो हात माझ्या हातापासून चार बोटांवर होता. मग दोन बोटांवर. मग मोजण्यासारखं अंतर राहिलं नाही.

"अजून रागावली आहेस?" त्याने विचारलं.

"हो. बोलू नकोस, मोजतेय."

मामा बाहेर जाऊन गल्ल्यावर बसला आणि जाताना दार ओढून घेतलं.

प्रश्न संपल्यापासून पहिला सूर लागेपर्यंतचा वेळ मी प्रत्येक जागेचा मोजला. सहा भाग, साठ जागा. बाकीच्या चोपन्न जागांची सरासरी: शून्य पूर्णांक तीन सेकंद. सातव्या प्रश्नानंतरच्या सहा जागांची: एक पूर्णांक चार सेकंद.