धोंडूचा पाट

माझा थोरला सत्यवान मुंबईहून शिकून आला आणि आईशीसुद्धा कचेरीतली मराठी बोलायला लागला. आईचं ऐकणं तेव्हाच बंद झालं त्याचं.

मी दुसरी नापास. पण डोळे नापास नाहीत. हे मी समोर बसून बघितलं आहे.

साल एकसष्ट. मालवणात माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं विद्यार्थ्यांचं बोर्डिंग. गावोगावची मुलं तिथे राहून शिकत. जेवायला पंगत, बसायला फणसाचे पाट.

दाराजवळचा पाट धोंडूचा.

तोंडवलीचा मुलगा, सासऱ्यांच्या काळातला. पान वाढलेलं होतं, हा पाय धुवायला समुद्रावर गेला...

आलाच नाही.

सासरे म्हणाले, त्याचा पाट रोज मांडायचा. तो मांडला जाई. कोणी बसत नसे.

सत्यवानाने बोर्डिंग नवं करायला काढलं. विजेचे दिवे, खाटा, अभ्यासाची खोली, जेवायला टेबलखुर्च्या.

मी म्हटलं, "बाकी सगळा मोड. ह्यो एक पाट रवांदे."

"आई, विद्यार्थ्यांनी आता नव्या पद्धतीने राहायला हवं. भुतांसाठी खोल्या काढलेल्या नाहीत."

सुतार हात लावीना. मग ह्यानेच करवत घेतली. पाट चिरला आणि पुस्तकांच्या फळीखाली ठोकला.

पहिलं जेवण दुपारचं. मुलं खुर्च्यांवर. सत्यवान दाराजवळ, ऐटीत.

भात वाढला आणि...

जमिनीवरून पाट ओढल्याचा आवाज.

दारापासून भिंतीपर्यंत... भिंतीपासून परत. कोणी जागा शोधावी तसा.

खाली एकही पाट नव्हता.

आवाज सत्यवानाच्या खुर्चीपाशी थांबला.

मुलांचे हात ताटात तसेच राहिले. सत्यवान मात्र जेवत सुटला. भात घेतला, परत घेतला, परत मागितला.

"आई, पोट भरत नाही."

तो उठला. पॅण्ट मांड्यांवर ओली... फक्त मांड्यांवर. मी बोट लावून चाखलं.

खारट.

त्यानंतर रोज तेच. घरी जेवला तरी तेच. मी फणसाचा नवा पाट करवून शेजारी मांडला. त्यावर थेंबही पडला नाही.

त्याची बायको जानकी रोज कपडे वाळत घालते. वाळले की मांड्यांवर मिठाचा थर.

गालफडं बसली त्याची. परवा ताटावर बसून रडला. कचेरीतली मराठी कुठच्या कुठे गेली.

"आये, माका वाचव गो. मांडयेर जड लागता..."

  

मी भात वाढला. दोघांचा.

"पाट तू चिरलंस, सत्यवाना. आता धोंडूक मांडयेर घेवनच जेव. आणि पयलो घास त्याका भरव."