रिकाम्या नळीतले ठिपके

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. माझ्या धाकट्या नणंदेच्या, भैरवीच्या बाबतीत घडलेली आहे. कतारमध्ये, दोह्यात, गेल्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी. आणि अमावास्येच्या रात्री वगैरे नाही. भर दुपारी, साडेअकराला.

ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मीही आधी हसलेच होते.

भैरवी आमच्याकडेच राहते. एका खाजगी लॅबमध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या तपासण्या करते. एकदा जेवता जेवता तिने मला ते काम समजावलं होतं. आपल्या रक्तातल्या पेशींच्या अंगावर तऱ्हेतऱ्हेची प्रथिनं असतात. नेमक्या एकेका प्रथिनालाच चिकटणाऱ्या अँटिबॉडी बाटलीत मिळतात, त्यांना चमकणारा रंग लावलेला असतो. त्या रक्तात घालायच्या आणि नळी यंत्राला लावायची. यंत्र एकेक पेशी लेझरसमोरून नेतं. प्रत्येक पेशीचा पडद्यावर एक ठिपका. जसा रंग, तशी ठिपक्याची जागा.

आजारी पेशींचे ठिपके भलत्याच जागी जमतात. आणि ती जागा बहुतेक पेशंटची आपली आपली असते.

"वहिनी, मी माणसांची तोंडं विसरते," ती म्हणते, "पण ठिपके नाही विसरत."

हे रंग उजेडाने मरतात. म्हणून त्या खोलीला खिडकी नाही. रंग घातला की वीस मिनिटं दिवे बंद, मग बाहेर कितीही ऊन असो.

त्या शुक्रवारी ती एकटीच ड्यूटीवर होती. बाकी सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. नमुना एकच होता, साजिदाचा. साजिदा श्रीवर्धनची, तिचा नवरा रहमान मेसईदच्या खत कारखान्यात. सहा महिने तिने उपचार सोसले होते. आजचा रिपोर्ट स्वच्छ आला की औषधं बंद आणि रविवारी घर.

रहमान सकाळी काउंटरवर येऊन गेला होता. "ताई, तिकिटं काढून ठेवलीत," म्हणाला. "आता तुमच्या हातात."

भैरवीने साजिदाच्या रक्तात अँटिबॉडी घातल्या. दिवे बंद केले. घड्याळ लावलं.

या वीस मिनिटांत एक काम करायचंच असतं. आधी एक कोरी नळी चालवायची. तिच्यात रक्त नाही, रंग नाही, नुसतं मिठाचं पाणी. पडदा काळा राहिला पाहिजे. काळा राहिला म्हणजे यंत्र स्वच्छ.

तिने कोरी नळी लावली.

चुळुक... यंत्राने घोट घेतला.

पडदा काळा.

काळा...

आणि मग एक ठिपका उमटला.

मग दुसरा. मग चार. मग भराभर.

आधीच्या कुणाच्या पेशी नळ्यांत राहिल्या असतील, म्हणून तिने ब्लीच फिरवलं. मग पाणी. नवी नळी, नवं पाणी, नव्या बाटलीतलं.

चुळुक...

पुन्हा ठिपके. त्याच जागी.

आता तिने नळीच काढून घेतली. यंत्राची सुई हवेत लोंबत होती. तिच्या टोकाला काही म्हणजे काही नव्हतं.

चुळुक...

ठिपके येतच होते.

आणि मग तिने जागा नीट पाहिली. डाव्या वरच्या कोपऱ्यात, जरा तिरका, लांबट पुंजका...

हे ठिपके ती ओळखत होती. अबूबकरचे होते ते.

अबूबकर रत्नागिरीचा. मेसईदच्या बंदरावर क्रेन चालवायचा. दर वेळी रक्त देऊन झालं की काउंटरवरून विचारायचा, "ताय, माझा काय दिसला?" आणि दर वेळी ती म्हणायची, "डॉक्टर सांगतील." तसा नियमच आहे. मार्चमध्ये उपचार संपल्यावरच्या तपासणीत त्याचा छोटासा पुंजका उरलेला होता. मोजून अठ्ठावीस ठिपके. भैरवीने तो आपल्या साहेबांना, डॉक्टर उसामांना दाखवला. त्यांनी घाईत बघितलं. "कॅरीओव्हर आहे. आधीच्या नमुन्यातली घाण. बाहेर काढ, खलास."

रेघेच्या आतलेच ठिपके रिपोर्टात धरतात. भैरवीने माउसने रेघ ओढली आणि ते अठ्ठावीस ठिपके रेघेबाहेर ठेवले. रिपोर्ट स्वच्छ. त्या दिवशी नियम मोडून तिनेच त्याला सांगितलं, काही नाही दिसलं. तो खुर्चीवरून उठून हसला होता.

जुलैमध्ये तो गेला.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. चार महिने पोरगी गिळून बसली होती.

खोलीत अंधार. फक्त पडद्याचा उजेड. बाहेर मशिदीतला खुतबा, नमाजाआधीचं प्रवचन, ऐकू येत होता, तो आता ऐकू येईना. एसीची घरघरही बंद...

तिच्या शेजारी एक स्टूल असतं. बसलं की हवा सोडत खाली जाणारं.

फुस्स्...

स्टूल खाली गेलं.

हळूहळू. माणूस टेकावा तसं.

मी असते तर किंचाळून रस्त्यावर आले असते. आमची भैरवी तशी नाही. भीती वाटली की तिला राग येतो. लहानपणापासून तसंच.

तिने मान वळवली नाही. पडद्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "अबूबकरभाई, बसा. चुकलं माझं. रेघ मी ओढली, हात माझा होता. पण घाबरवायला आला असाल तर आधी उसामांकडे जा. इथे एका बाईची तपासणी चाललीय, आणि ती मी बिघडू देणार नाही."



चुळुक थांबलं. पडदा काळा झाला.

घड्याळ वाजलं. वीस मिनिटं झाली होती.

तिने साजिदाची नळी लावली. ठिपके आले, ढीगभर, सगळे जिथल्या तिथे. अबूबकरच्या कोपऱ्यात एकही नाही. तिने सुटकेचा श्वास टाकला. आणि तेवढ्यात खाली उजवीकडे... अगदी विरळ...

एकतीस ठिपके.

तिने साजिदाची सहा महिन्यांपूर्वीची पहिली फाइल उघडली. तीच जागा. आजार गेलेला नव्हता.

तिने उसामांना फोन लावला. नमाज आटोपून ते गाडीत बसत होते. आणि ही खुळी इतकी प्रामाणिक, की कोऱ्या नळीत ठिपके आल्याचंही सांगून मोकळी झाली.

"मग झालं तर," ते म्हणाले. "यंत्रच घाण आहे. कॅरीओव्हर. बाहेर काढ आणि रिपोर्ट सोड. त्यांचं परवाचं विमान आहे."

"नाही डॉक्टर. कोऱ्या नळीतले वेगळ्या जागी होते. हे हिचे स्वतःचे आहेत."

"भैरवी, यल्ला, आटप. वाद नको."

"मार्चमध्येही तुम्ही हेच म्हणाला होतात."



"तुझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरात संपतंय ना?" त्यांनी विचारलं.

"संपू दे," ती म्हणाली. "एकतीस आहेत, मी एकतीस लिहिणार. खोडायचे असतील तर तुम्ही या आणि तुमच्या हाताने खोडा."

फोन ठेवला. रेघ ओढली, या वेळी ठिपके आत घेऊन. साजिदाच्या डॉक्टरांना तिने थेट कळवलं. मग दुसरा कागद घेतला आणि अबूबकरचं सगळं लिहून काढलं. मार्च, अठ्ठावीस, कुणी सांगितलं, कुणी रेघ ओढली. खाली स्वतःचं नाव. पाठवून दिलं लॅबच्या मालकांपर्यंत.

तेव्हा शेजारचं स्टूल वर आलं. आपोआप, सावकाश, कुणी उठावं तसं.

एसी पुन्हा घरघरू लागला.

साजिदाचं रक्त दुसऱ्या लॅबने तपासलं. तिथेही तेच निघालं. तिकिटं रद्द झाली, औषधं पुन्हा सुरू झाली. रहमान भैरवीपाशी येऊन खूप रडला. आज साजिदा बरी आहे. पुढचं इन्शाल्ला.

यंत्र तपासायला कंपनीचा इंजिनियर आला, गुरुप्रसाद, आमच्या कुडाळचा. दोन दिवस त्याने यंत्र उघडून ठेवलं. शेवटी म्हणाला, "ह्येच्यात काय एक नाय गो. आणि नळी न लावता ता पाणी ओढूच शकना नाय." स्टूलही तपासून झालं. धड होतं.

पुढच्या शुक्रवारी कोरी नळी कोरीच राहिली. त्यापुढचे काही शुक्रवारही तसेच गेले. मला वाटलं, चला, सुटलो. अबूबकरला काय हवं होतं ते मिळालं. मी तर मनातल्या मनात त्याच्यासाठी हातही जोडले.

पण गेल्या शुक्रवारी भैरवी घरी आली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर बसली.

कोऱ्या नळीत पुन्हा ठिपके आले होते.

अबूबकरचे नव्हते. साजिदाचेही नव्हते. मधोमध, गोल पुंजका. तिने तो आयुष्यात कधी पाहिला नव्हता. ती या लॅबमध्ये यायच्या आधीचा कुणीतरी असावा. आणि त्या पुंजक्याच्या मागे... दुसरा. त्याच्या खाली तिसरा...

मी म्हटलं, "अगं, सोड ती नोकरी. आजच्या आज सोड. हात जोडते."

तिने ऐकूनच घेतलं नाही.

आता ती रोज ड्यूटी संपल्यावर त्या अंधाऱ्या खोलीत बसून जुन्या फाइली उघडते. स्वच्छ म्हणून गेलेले सगळे रिपोर्ट, एकेक करून. उसामांनी दोनदा मनाई केली. तिने दोन्ही वेळा लेखी मागितली, आणि ती काही त्यांनी दिली नाही.

फाइली चार हजारांच्या वर आहेत. डिसेंबर संपायला तीन आठवडे उरलेत. काल रात्री मी तिला जेवायला बोलवायला फोन केला.

"तुम्ही जेवून घ्या, वहिनी," ती म्हणाली. "इथे अजून बरेच जण थांबलेत."

लॅब सहालाच बंद होते.