तुटक रेघ

गजेंद्रचा हिशेब सरळ होता. प्रबंध मंजूर झाला की अकोल्याच्या कॉलेजात कायमची जागा, आणि जागा मिळाली की आचलच्या वडिलांचा लग्नाला होकार. आडवी येत होती ती फक्त एक तुटक रेघ.

अचलपूरजवळच्या आणि अकोल्याजवळच्या, दोन्ही बोअरमध्ये करड्या चिखलदगडाचा थर लागला होता. तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनदीने टाकलेला. दोन्हीकडचा थर एकच, हे दाखवायला प्रबंधातल्या थरांच्या आराखड्यात रेघेने जोडायचं. पण मधल्या बोअरमध्ये, दर्यापूरकडे त्याच्या खुशालकाकांच्या शेतात, गाळाखाली शेवटपर्यंत नुसता काळा पाषाण. पुरावा नसेल तिथे रेघ तुटक काढतात. गजेंद्रने सलग ओढली.

"तिथे थर कुठं सापडला?" मी विचारलं. बोअरमधून काढलेल्या दगडी कांड्यांचं गोदाम माझ्याकडे असतं.

"असंनच तो खाली, शेखरभाऊ. तुटक रेघ दिसली का परीक्षक तेच धरून बसते. तुमी कावून जीव काढून राहिले?"

दोन दिवसांनी मी मधल्या बोअरची पेटी उघडली. काळ्या कांड्यांच्या मध्ये वीतभर करडी कांडी. मे महिना, पत्र्याखाली पंचेचाळीस अंश, आणि कांडीवर दव. पेटी तेवढीच; मग वीतभर पाषाण गेला कुठे, हे मी गजेंद्रला विचारलं. त्याने फोटो काढले.

सोमवारी ती हातभर झाली होती.

"रेघ खोड," मी म्हणालो.

"आता त खरी झाली ना भाऊ!"

तेवढ्यात काकांचा फोन आला. त्याने स्पीकर लावला.

"गजू, आपल्या बोअरचं पाणी गोड झालं बे! भर खारपाणपट्ट्यात! अन् गार असं का दात ठणकते. फ्रिज इकून टाकतो आता."

"काका, पिऊ नका," मी मध्येच म्हणालो.

"शेखर जयून राहिला आपल्या गोड पाण्यावर," काका हसले.

फोन ठेवून गजेंद्रने खोडरबर हातात घेतलं. पेटीकडे एकदा पाहिलं. मग ते खिशात टाकलं.

गुरुवारी प्रबंध गेला.

शनिवारी भर दुपारी काका बोअरवरच्या हातपंपाजवळ गेलेले सापडले. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. त्या आठवड्यात प्रत्येक मृत्यूला तेच लिहीत होते.

शेवटची आंघोळ घालायला मी होतो.

पाणी कढत आणलं होतं. तरी ओतणाऱ्यांची बोटं बधिर होऊन तांब्या सुटत होता.

जागा गजेंद्रला मिळाली. मोल दिलं काकांनी, आणि त्या पंपावरून गोड पाणी भरून नेणाऱ्या सात घरांनी.