दोन्ही ड्रोन खाली होते

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, तुमची मर्जी. भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतला मी. पण ही गोष्ट माझ्या मावसभावाची आहे, आणि त्याला थापा मारता येत नाहीत. लहानपणापासून त्यानं मारलेली प्रत्येक थाप पकडली गेली आहे.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे.

त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या पथकात तो ड्रोन उडवायचा. फोटोबिटो काढायला नाही. डोंगराआड गेलेल्यांचे वायरलेस इकडे पोचत नाहीत, म्हणून ड्रोन उंच चढवून एका जागी ठेवायचा. तो इकडचा आवाज तिकडे देतो, तिकडचा इकडे. निरोप्याच म्हणा ना.

बॅटरी फार टिकत नाही, म्हणून ड्रोन दोन. दुसरा वर गेला की मगच पहिला खाली. कधी मध्ये खंड पडलाच, तर पथकाचा एकच नियम. आवाज बंद, पाय बंद. जो जिथे असेल तो तिथेच उभा राहील.

त्या दिवशी टेकडीपलीकडे, बंद पडलेल्या दगडखाणीच्या बाजूला, जमिनीची मोजणी करणारा एक माणूस हरवला होता. सकाळपासून धुकं. हात लांब केला तर बोटं दिसेनात.

शोधायला गेलेल्यांत दादाचा धाकटा भाऊ होता. टिल्लू. नावाला टिल्लू, दारातून आत येताना वाकतो एवढा उंच. आईवडील लवकर गेले, दादानंच त्याला वाढवला. लहानपणी कुठेही खेळत असो, दादाची एक हाक आली की हातातलं टाकून धावत यायचा. मोठा झाला तरी खोड गेली नाही. आम्ही चिडवायचो, "दादानं हाक मारली तर हा स्वतःच्या लग्नातूनही उठून जाईल!"

टिल्लूसोबत गाडीचा ड्रायव्हर होता. इकडे तंबूत दादा, आणि हरवलेल्या माणसाची बायको. बिचारी सारखी एकच गोष्ट सांगत होती.

"शेवटचा फोन आला ना, तेव्हा म्हणाले, किती हाका मारतेस, आलोच!"

"मग?"

"मी हाक मारलीच नव्हती हो. मी घरी होते."

दादानं तिला पाणी दिलं. म्हणाला, "ताई, धुक्यात भास होतात माणसाला."

तेवढ्यात वरच्या ड्रोनची बॅटरी धडाधड उतरायला लागली. थंडीनं असेल. दुसरा ड्रोन वर पाठवावा, तर त्याचं एक पातं तडकलेलं. दादानं घाईघाईनं सांगितलं, "टिल्लू, खंड पडणार आहे. जागचे हलू नका." आणि पहिला खाली घेतला.

मग मान खाली घालून पातं बदलायला बसला. हात कामात, जीव भावापाशी. सवयीनं त्यानं वायरलेसचा सेट उचलला आणि विचारलं, "टिल्लू, ऐकू येतंय?"

"येतंय, दादा. स्वच्छ."

"जागेवरच आहेस ना?"

"जागेवरच."

दादाला हायसं वाटलं. तो स्क्रू पिळत राहिला...

आणि एकदम त्याचा हात थांबला.

पहिला ड्रोन समोर चटईवर होता. दुसरा त्याच्या मांडीवर.

दोन्ही ड्रोन खाली होते.

मग हा आवाज आणत कोण होतं?

सेटमधून पुन्हा टिल्लू बोलला. अगदी हळू.

"घाई करू नकोस, दादा... दुसरा राहू दे."

दादानं पातं कसंबसं बसवलं आणि ड्रोन सोडला. तो धुक्यात शिरला, दिसेनासा झाला. थोड्या वेळानं जोडणी झाली आणि टिल्लूचा वैतागलेला आवाज आला.

"हो हो, येतोय ना! किती घाई करतोस?"

"कुठे येतोयस?"

"अरे, मघापासून तूच तर बोलावतोयस. सरळ चालत ये, सरळ चालत ये."

दादानं पडद्यावरच्या नकाशात पाहिलं. टिल्लूच्या सेटचा ठिपका खाणीच्या तोंडाशी होता. अगदी काठाला.

"थांब!" दादा किंचाळला. "एक पाऊलही टाकू नकोस!"

सेट खरखरला.

मग सेटमधून दादाचाच आवाज आला.

"थांबू नकोस रे. मस्करी करतोय मी. ये."

दादाचं तोंड मिटलेलं होतं. ताईंनी ते पाहिलं. त्या तोंडावर हात ठेवून मागे सरकल्या.

टिल्लू हसला. मग त्याचं हसू थांबलं. "दादा... तुम्ही दोघं कोण आहात?"

"टिल्लू, आईची शपथ, मी खरा!"

"टिल्लू, आईची शपथ, मी खरा!"

तोच सूर. तोच कापरा आवाज. दादाला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं. ज्या हाकेवर पोर आयुष्यभर धावत आलं, तीच हाक आता त्याला खड्ड्यात नेत होती. आणि दादानं काहीही सांगितलं तरी ते तसंच सांगणार होतं.

पण ते फक्त बोलू शकत होतं. ड्रोन त्याच्याकडे नव्हता.

"ड्रोनचा दिवा दिसेपर्यंत जागेवर बस," दादा म्हणाला. "दिसला की त्याच्या मागे चाल. सेट बंद कर. यापुढे कुणी काहीही म्हणालं तरी ऐकू नकोस. माझंसुद्धा!"

पलीकडून तोच आवाज गोड हसला. "ऐकू नकोस त्याचं..."

पथक ज्या गाडीवाटेनं गेलं होतं, त्याच वाटेनं हळूहळू परत येण्याची सूचना दादानं ड्रोनला दिली. आणि ड्रोन टिल्लूच्या ठिपक्यापाशी नेऊन माणसाच्या डोक्याइतका खाली सोडला. तो टेकडीआड गेला, तशी जोडणी तुटली. नकाशा गेला. ठिपका गेला.

आता दादाकडे भावाचा आवाज नव्हता आणि भावाकडे दादाचा.

किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही. ताई त्याचा हात घट्ट धरून बसल्या होत्या.

मग धुक्यात घूं घूं ऐकू आलं... लाल दिवा दिसला... ड्रोन आला आणि चटईवर उतरला.

त्याच्यामागे कोणी नव्हतं.



आणि मग धुक्यातून ड्रायव्हर आला. टिल्लूचा पट्टा दोन्ही हातांनी धरून त्याला ओढत. टिल्लूचा चेहरा पांढराफटक. दादानं त्याला मिठी मारली, तर तो अंग चोरून मागे झाला.

"माझ्या सेटवर नुसती खरखर होती," ड्रायव्हर म्हणाला. "हा मात्र कुणाशी तरी बोलत चालला होता. मला वाटलं, तुमच्याशीच. येतानाही सारखा मागे वळत होता."

"सेट बंद केला नाहीस?" दादानं विचारलं.

टिल्लूनं मूठ उघडली. मुठीत सेटची बॅटरी होती.

"काढून टाकली होती, दादा. तरी तू बोलत होतास. अगदी तंबू दिसेपर्यंत."

"काय... काय बोलत होतो?"

"शेवटी म्हणालास, बरं, आज राहू दे."

दुसऱ्या दिवशी धुकं उठलं. तो मोजणी करणारा खाणीच्या तळाशी सापडला. टिल्लू जिथे थांबला होता, बरोबर त्याच्या खाली. ताईंचा आक्रोश दादाला अजून झोपू देत नाही.

दादानं पथक सोडलं. टिल्लूला आता लांबून हाक मारत नाही. काही सांगायचं असलं तर उठून त्याच्यापाशी जातो, खांद्यावर हात ठेवतो, मगच बोलतो. मला वाटलं, काळ जाईल तसं होईल बरं.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दादा माझ्यासमोर, टिल्लू त्याच्या शेजारी. गप्पा चालल्या होत्या. टिल्लू खूप दिवसांनी हसला.

आणि हसता हसता त्यानं मान वळवली. दाराकडे.

"आलो, दादा," तो म्हणाला आणि उठला.

दादाच्या तोंडात घास तसाच होता. त्यानं टिल्लूचं मनगट धरलं. दुसरं मी धरलं. तो आम्हाला ओढत होता, रागानं नाही, उशीर झाल्यासारखा.

उघड्या दारातून बाहेरचा रस्ता दिसत होता. लख्ख ऊन होतं. धुकं कुठेच नव्हतं.