अण्णांचा हयातीचा दाखला

मिरजेच्या ठेवघरासमोरची रांग सकाळी आठलाच कुंपणाच्या कोपऱ्यावरून वळून मागच्या गल्लीत शिरली होती. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. मृदुला लहान असताना आजोबांचं बोट धरून अशाच रांगेत उभी राहिली होती, बँकेत. तेव्हा रांगेत माकडटोप्या असत, काठ्या असत, थर्मासमधला चहा असे. मी अजून आहे, हे सांगायला ज्याचा तो येत असे. आजच्या रांगेत एकही म्हातारं माणूस नव्हतं. सगळे चाळिशी-पन्नाशीचे, हातात एकेक फाइल धरून उभे.

"आई की वडील?" पुढच्या माणसानं मान वळवून विचारलं.

"वडील."

"किती झाले?"

"दोन महिने."

"म्हणजे पहिलाच नोव्हेंबर. काही अवघड नसतं, ताई. एक खूण, एक सही. आमच्या मातोश्रींचं हे चौथं वर्ष. हयातीत कधी कुठे वेळेवर पोचल्या नाहीत, पण आता दाखला बघा कसा पहिल्या आठवड्यात." तो आपला आपणच थोडा हसला. "फक्त वरच्या मजल्यावर बघायला बोलावलं तर जाऊ नका. मी गेलो होतो."

पेन्शन पैशात मिळायची तो काळ मृदुलाला पुसटसा आठवत होता. माणसं नव्वदी ओलांडू लागली, आणि पैसा संपण्याआधी शरीरच संपू लागलं. तेव्हा पेशीठेव आली. कल्पना साधी होती. तिशीत प्रत्येकाच्या रक्तातून मूलपेशी तयार करायच्या, म्हणजे ज्यांच्यापासून हृदयाचा स्नायू, यकृत, मज्जा, हवं ते घडवता येतं अशा पेशी. त्या छोट्या कुप्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे एकशे शहाण्णव अंशांवर गोठवायच्या. तिथे त्यांचं वय वाढत नाही. साठीनंतर दर महिन्याला एक कुपी वितळवून टोचून घ्यायची. तरुणपणीच्या शरीरानं म्हातारपणीच्या शरीराला धाडलेली ती पेन्शन.

थंडी राखायला आणि नोंदी ठेवायला ठेवघर फी घेई. कागदावर तिचं नाव मंचशुल्क, लोकांच्या तोंडी प्लॅटफॉर्म फी. ती पैशात नव्हे, कुप्यांत कापली जाई. औषधं तपासून बघणाऱ्या कंपन्यांना माणसाच्या जिवंत पेशी हव्याच असत. सुरुवातीला वर्षाला एक कुपी होती. मग दोन झाल्या, मग पाच. पत्र दर खेपेस तेच यायचं, वाढत्या खर्चामुळे नाइलाजानं. खातं दुसऱ्या ठेवघरात हलवायची मुभा होती, पण हलवायची फी वीस कुप्या. यंदा वार्षिक फी अकरावर गेली होती.

मृदुला सत्तेचाळीस वर्षांची. तिच्या खात्यात एकशे वीस कुप्या. साठीला तेरा वर्षं बाकी, आणि दर वर्षी अकरा गेल्या तर साठीच्या दोन वर्षं आधीच खातं रिकामं. त्यात कुरुंदवाड्यांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या घरात हृदयाचा स्नायू लवकर सैल पडतो. आत्या त्यातच गेली. मृदुलालाही अलीकडे जिना चढताना दोनदा थांबावं लागे. घरी सई होती, चौदा वर्षांची.

इतकी वर्षं तिला ही आकडेमोड करावी लागली नव्हती. सहा वर्षांपूर्वी अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते, "तुझी फी माफ झाली गं. सरकारी निवृत्तांच्या मुलांना सवलत दिलीये." आणि तिनं ते मानलं. अनंत कुरुंदवाडे तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदार मापं पुसून ठेवत. घरी आलेली साखरसुद्धा ते पुन्हा तोलत, आणि जास्त भरली तर परत देऊन येत. अशा माणसाचा शब्द कुणी तपासून बघत नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी ठेवघराचं पत्र आलं. खातेदार वाढ योजनेत आहेत, जोडखातं मृदुला, दाखला नोव्हेंबरअखेर सादर करावा.

खिडकीपाशी पोचल्यावर तिनं खूण केली नाही. "वाढ योजना म्हणजे काय, ते आधी कुणीतरी मला नीट सांगा," ती म्हणाली. कारकुनानं तिला वर पाठवलं.

वरच्या मजल्यावर डॉ. तस्नीम मुजावर होत्या, पेशीविभागाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. त्यांनी फाइलवरचं नाव वाचलं आणि खुर्ची पुढे केली.

"बसा, ताई. अण्णा म्हणायचे, ती आली तर सगळं समजून घेतल्याशिवाय सही करणार नाही." त्यांनी टेबलावरचं झाकणाचं काचेचं बशीवजा भांडं उचलून दाखवलं. "गोठवलेली कुपी एकदाच वापरता येते. पण ती वितळवून पेशी अशा बशीत वाढवल्या, तर एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. फी त्या वाढीतून जाते. स्वतःची आणि जोडखात्याची, म्हणजे तुमचीही. तुमच्या कुप्यांना हात लावावा लागत नाही."

"मग सगळेच असं का करत नाहीत?"

"ती नकलेची नक्कल असते. दर दुपटीत बारीक चुका शिरतात. औषध तपासायला ते चालतं, पण माणसाच्या अंगात परत टोचणं धोक्याचं. आणि ठेवघराचा नियम असा, की या योजनेत गेलात की तुमच्या उरलेल्या कुप्या ठेवघराच्या. इंजेक्शन बंद."

मृदुलानं फाइलच्या दोरीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ते इंजेक्शनला यायचे," ती म्हणाली. "इस्त्रीचा शर्ट घालून. घरी आल्यावर दंडाला कापूस लावलेला असायचा."

"यायचे. कापूस इथूनच मागून न्यायचे."

डॉक्टर तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. खोली उबदार होती, शरीराइतकी. भिंतीशी कपाटं, कपाटांत बशांच्या रांगा, प्रत्येकीवर नाव. अण्णांच्या नावाची एक बशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"हृदयाच्या पेशी आहेत. एकमेकींना चिकटून त्यांचा पापुद्रा झाला, की त्या आपोआप धडधडायला लागतात. कुणी शिकवत नाही त्यांना."

मृदुलानं डोळा लावला. फिकट, जाळीदार असं काहीतरी होतं. ते आकसलं, सैल पडलं, पुन्हा आकसलं.

"त्यांना काही कळत असेल?"

"नाही. तिथे मेंदू नाही, ताई. कळायला कुणी नाही."

सूक्ष्मदर्शकाशेजारी दोऱ्यानं बांधलेली एक वही होती. अण्णांचं अक्षर, उभं आणि टोकदार. पहिला मंगळवार, ठोके चोपन्न, तपासले, योग्य. पहिला मंगळवार, ठोके त्रेपन्न, तपासले, योग्य. सहा वर्षांचे मंगळवार. शेवटची नोंद ऑगस्टची होती, बावन्न.

"घड्याळ लावून मोजायचे," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, अजून परत फिरता येईल, अण्णा, मुलीला सांगा. तर म्हणाले, 'तिला सांगितलं तर ती नको म्हणेल. मग मी ऐकायचं की तिनं, यात वर्ष जाईल. पोरीचं पारडं आधीच हलकं आहे.'"

मृदुलानं पदरानं नाही, सरळ तळहातानं चेहरा पुसला.

"मी 'हयात नाहीत' असं लिहिलं तर?"

"बशा त्याच दिवशी बंद होतात. पुढची फी तुमच्या कुप्यांतून."

"आणि हयात लिहिलं तर?"

"कायद्यानं ते खरंच आहे. पेशी जिवंत तर खातेदार हयात. पुढच्या वर्षी फी पंधरा होईल म्हणतात. बशा वाढवाव्या लागतील, एवढंच."

"तुम्ही काय केलं असतंत?"

डॉ. मुजावर सूक्ष्मदर्शकाचा दिवा कमी करत राहिल्या. "माझे अब्बा पलीकडच्या खोलीत आहेत," त्या म्हणाल्या. "नववं वर्ष. त्यांच्या बशा बदलायला मी दुसऱ्या कुणाला तरी सांगते."

मृदुलाच्या मनगटावर अण्णांचं घड्याळ होतं, पट्टा सैल पडत होता. कृष्णेच्या घाटावर अग्नी तिनंच दिला होता. दुसऱ्या दिवशी अस्थी तिनंच वेचल्या होत्या, अजून कोमट होत्या. तिनं सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहिली, डोळा लावला आणि मोजलं. एकावन्न. ती पुन्हा मोजू लागली, अण्णांनी मोजलं असतं तसं. एकावन्नच आले. वहीत ऑगस्टच्या खाली तिनं आकडा लिहिला, आणि पुढे, थोडं थांबून, योग्य.

खाली खिडकीवर तिनं फॉर्म पुढे ओढला. माझ्या माहितीप्रमाणे खातेदार हयात आहेत. उजवीकडे चौकोन. अण्णांनी आयुष्यात एकच खोटं सांगितलं होतं, पेपरातून डोकं वर न काढता, आणि का काढलं नव्हतं ते तिला आत्ता कळलं. तिनं चौकोनात खूण केली.

"शेवटचा रकानाही भरायचाय," कारकून म्हणाला. "तुमच्या पश्चात तुमचं खातं कुणाला जोडायचं?"

ती लिहू लागली, सई. नाव पुरं होईपर्यंत तिला आठवलं, की सईच्या पेशी काढायला अजून सोळा वर्षं आहेत. तोवर फी किती झालेली असेल कोण जाणे. आणि हे सईला घरी सांगायचं नाही, हे आपण ठरवूनसुद्धा टाकलंय.

कारकुनानं शिक्का मारला आणि पावती सरकवली. दिवसभर तेच तेच म्हणून त्याच्या आवाजातला चढउतार गेला होता.

"पुढच्या नोव्हेंबरात या. वडिलांना बरोबर आणायची गरज नाही."